४१ किलो कुठून आले

विमानाचं वजन मागच्या रिपोर्टपेक्षा ४१ किलो जास्त. स्क्रीनवरचा आकडा स्थिरावला तसा मी मोठ्याने वाचला, हँगरमधल्या ज्येष्ठ काकांनी जुन्या कागदावर बघितलं, मधल्या काळात विमानात जे काय बसवलं आणि जे काय काढलं त्याची बेरीज-वजाबाकी आधीच करून ठेवलेली होती तीही पुन्हा बोट लावून तपासली, आणि चष्मा कपाळावर सरकवत म्हणाले, "खाली घ्या. परत उचला." हँगरचे दरवाजे बंद, पंखे बंद, शर्ट पाठीला चिकटलेला, आणि सत्तरेक माणसं नेणारं अख्खं विमान तीन जॅकवर अधांतरी. खाली घ्यायचं म्हणजे तिघांनी तीन जॅक एका लयीत सोडायचे, एकाने पाणसळीवर डोळा ठेवून "नाक थांब, उजवा ये" असं ओरडत राहायचं, चाकांनी जमीन धरली की जॅकवरचे वजन मोजणारे सेल शून्यावर येतात का बघायचं, आणि मग तेच सगळं उलट. कुणी कुरकुर केली नाही. दुसऱ्यांदा आकडा आला तो पहिल्यापेक्षा दोन किलो इकडेतिकडे, म्हणजे तोच. तिसऱ्यांदाही तोच.

हिशोबाबाहेरचं काही न लावता, काही न ठेवता विमान जड झालं होतं.

आता यात घाबरण्यासारखं काही नव्हतं हे मला तेव्हाही कळत होतं. रिकामं विमान साधारण १३ टनांचं, त्यात ४१ किलो म्हणजे अर्ध्या टक्क्याच्याही आत. आणि अधूनमधून तोलायचंच कशासाठी असतं, तर असे फरक कळावेत म्हणून. नवा आकडा कागदावर चढवायचा, सही करायची, विषय संपला. युरोपच्या नियमात तर सरळ लिहिलंय की प्रत्येक विमानाचा आकडा वेगळा धरत असाल तर दर ४ वर्षांनी तोला, म्हणजे नियम करणाऱ्यांनाही माहीतच आहे की विमानाचं वजन हलतं. पण मला ते काही केल्या पचेना. एखादी वस्तू कमी भरली तर चोर शोधता येतो, जास्त भरली तर धरायचं कुणाला? घरी आल्यावरही डोक्यात तेच, की ४१ किलो नेमके बसलेत कुठे.

तोलायची तयारी ही खरं तर वजनापेक्षा मोठी भानगड असते. आदल्या दिवशी इंधन काढून घ्यायचं, आणि ते काढलं तरी टाक्यांच्या कोपऱ्यात थोडं उरतंच, जे इंजिनालाही कधी मिळत नाही, ते रिकाम्या विमानाच्याच वजनात धरतात. केरोसीनचा तो वास दोन वेळा केस धुतले तरी जात नाही. मग पिण्याच्या पाण्याची टाकी, टॉयलेटची टाकी, जेवणाच्या ट्रॉल्या, सगळं रिकामं. मग यादी घेऊन आत फिरायचं, प्रत्येक सीटखाली हात घालून लाइफ जॅकेट आहे का बघायचं, अग्निशामक किती, प्रथमोपचाराच्या पेट्या किती, ऑक्सिजनच्या बाटल्या कुठे. यादीत आहे ते विमानात पाहिजे आणि यादीत नाही ते बाहेर पाहिजे. कुणाचा तरी टॉर्च, कुणाची तरी चिंध्यांची पिशवी, आधीच्या शिफ्टचा एखादा पान्हा, असं काहीतरी सापडतंच. विमान धुतलेलं पाहिजे पण ओलं नको. आणि दरवाजे बंद, पंखे बंद, कारण पंख हा शेवटी पंखच, त्याच्यावरून जराशी हवा गेली तरी तो आपलं काम करायला लागतो आणि स्क्रीनवरचे शेवटचे आकडे नाचायला लागतात. मला हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा थट्टा वाटली होती. मग काकांनी एकदा मुद्दाम बाजूचा मोठा पंखा लावून दाखवला.

जॅक चढायला लागले की सगळ्यात आधी विमान वर जातच नाही. आधी चाकांवरचे दांडे लांबतात, म्हणजे शरीर वर जातंय पण पाय अजून जमिनीवरच, आणि आतलं तेल आणि गॅस सरकल्याचा एक लांब सुस्कारा ऐकू येतो. मग एकेक चाक सुटतं. नाकाचं चाक सुटलं की ते जरासं लोंबतं, आणि एवढं मोठं धूड एकदम असहाय दिसायला लागतं, मला तरी. जॅकच्या डोक्यावर आणि विमानाच्या पोटाखालच्या जागेच्या मधे मुठीएवढा लोड सेल असतो, सगळा भार त्या तीन पोलादी तुकड्यांवर. विमान समतल झालं की ओळंबे सोडायचे. पितळी ओळंब्याचं टोक जमिनीपासून बोटभर अंतरावर हेलकावे खात राहतं, आणि ते थांबेपर्यंत खडू हातात धरून उकिडवं बसायचं. लेझरची साधनं आली आहेत, पण आमच्याकडे अजून खडू आणि दोरी. मला ते आवडतं. कितीही महागडं विमान असलं तरी त्याचा समतोल जमिनीवर खडूच्या फुल्या मारून काढायचा.

त्या दिवशी पहिला संशय अर्थातच सेलवर गेला. लोड सेल वजन मोजत नाही, तो पृथ्वीची ओढ मोजतो आणि त्यावरून किलो सांगतो. आणि ओढ सगळीकडे सारखी नसते, विषुववृत्तावर ९.७८ आणि ध्रुवावर ९.८३, म्हणजे जवळपास अर्ध्या टक्क्याचा फरक. स्वयंपाकघरातल्या काट्याला याने काही होत नाही. पण १३ टनांवर अर्धा टक्का म्हणजे ६५ किलो! म्हणजे सेल कुठल्या तरी थंड देशात जुळवला आणि इथली ओढ त्याला सांगितलीच नाही, तर विमान न हलता हलकं दिसणार, आणि मागच्या वेळी तसं झालं असेल तर आज ते जड वाटणार. मी लगेच सर्टिफिकेट काढून आणलं, मला वाटलं सापडलं. कुठलं काय. स्थानिक ओढीचा आकडा नीट भरलेला होता, आणि मागच्या वेळीही नीटच भरला होता. काका म्हणाले, "काट्याला दोष देऊन झाला? आता विमानाकडे बघू."

नुसतं वजन कळून भागत नाही, ते कुठे आहे हे काढायला लागतं, आणि खरी मजा तिथे आहे. कावड वाहणारा माणूस जड घड्याच्या बाजूला खांदा जरा सरकवतो ना, तेवढंच गणित आहे, फक्त इथे खांदा म्हणजे पंख आणि तो सरकवता येत नाही, त्यामुळे घडेच सरकवावे लागतात. समजा एक छोटं चार सीटचं विमान घेतलं. मोजायला सुरुवात कुठून करायची ते बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं, त्याला डेटम म्हणतात, कधी तो नाकाच्याही पुढे हवेत असतो, कधी इंजिनामागच्या पत्र्यावर. आपण पत्र्यावर धरू. मागच्या दोन चाकांवर मिळून ५३० किलो, ती चाकं डेटमच्या मागे १.४७ मीटरवर, गुणाकार ७७९. नाकाच्या चाकावर २१० किलो, ते चाक डेटमच्या पुढे ०.१७ मीटर, म्हणून गुणाकार उणे ३६. बेरीज ७४३, भागिले एकूण ७४०, म्हणजे सीजी, सगळं वजन जिथे तोलून राहतं तो बिंदू, डेटमच्या मागे साधारण एक मीटरवर. झालं. चौथी-पाचवीचं गणित. फक्त तो उणे विसरला तर उत्तर १.१० मीटर येतं, आणि अशा विमानाची सीजीची सगळी मुभाच मुळी पुढून मागे तीसेक सेंटीमीटर असते. म्हणजे एका आडव्या रेघेने तिसरा हिस्सा खाल्ला. म्हणून आमच्याकडे हे गणित दोघं वेगवेगळे बसून करतात आणि मगच कागद शेजारी ठेवतात. कॉम्प्युटर आहे, तो पण करतो. तरी दोघं बसतातच.

हे वेड जुनं आहे. ओटो लिलिएंथाल हा जर्मन माणूस १८९०च्या दशकात टेकडीवरून ग्लायडर घेऊन उड्या मारायचा, तेव्हा त्याच्याकडे सुकाणू असं काही नव्हतंच, तो हातांवर लोंबकळायचा आणि पाय पुढे-मागे झोकून स्वतःचं वजन सरकवायचा, म्हणजे सीजी हाच त्याचा स्टिअरिंग. १८९६च्या ऑगस्टमध्ये वाऱ्याच्या झोताने नाक वर गेलं, त्याने पाय पुढे फेकले असणार, पण माणसाच्या शरीराची लांबी ती किती. दुसऱ्या दिवशी गेला. राईट बंधूंनी मग वजन सरकवण्याऐवजी पंखांना आणि पुढच्या पात्याला काम दिलं, तरी वजनाने त्यांचा पिच्छा सोडला नाहीच. १९०३च्या त्यांच्या विमानात पायलट मधल्या रेषेच्या डावीकडे पालथा झोपायचा आणि इंजिन उजवीकडे. इंजिन माणसापेक्षा जड. मग काय केलं, तर उजवा पंखच डाव्यापेक्षा चारेक इंच लांब केला! मला हे इतकं आवडतं की सांगता येत नाही. जगातलं पहिलं विमान दोन्ही बाजूंनी सारखं नव्हतं, आणि नव्हतं म्हणूनच सरळ उडालं. पुढच्या वर्षीचं विमान हवेत सारखं डुलायला लागलं तेव्हा त्यांनी आधी इंजिन वगैरे मागे सरकवून बघितलं, त्याने आणखीच बिघडलं, मग सगळं पूर्ववत करून नाकापाशी ७० पौंड लोखंड बांधलं. उडण्यासाठी एकेक औंस वाचवणाऱ्या माणसांनी हाताने लोखंड बांधलं, तेव्हा त्यांना कसं वाटलं असेल.

नाक जड असलं तर काय होतं आणि शेपूट जड असलं तर काय होतं, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये तक्त्यात शिकवलं होतं, डावीकडे हे, उजवीकडे ते, जसं काही दोन्ही सारखेच दोष आहेत. सारखे नाहीत. नाक जड असलं की विमान हट्टी होतं, धावपट्टीवरून उठायला कुरकुरतं, शेपटीला सतत खाली दाबून ठेवावं लागतं म्हणून इंधन जास्त खातं, उतरताना नाक उचलायला जोर लागतो. त्रास आहे, पण ते आधी सांगतं. शेपूट जड झालं की विमान उलट गोड वागायला लागतं, बोट लावलं तरी वळतं, हलकं वाटतं, आणि नाक एकदा वर गेलं की ते खाली आणायला हातात काहीच उरत नाही. म्हणून जमिनीवरसुद्धा शेपटीला जपतात. मागच्या दाराने माणसं चढणाऱ्या छोट्या विमानांना चढ-उतार चालू असताना शेपटीखाली एक दांडी लावून ठेवलेली असते ती याच्यासाठीच. मालवाहू विमान पुढचा माल आधी उतरवला म्हणून शेपटीवर बसल्याचे फोटो बघितले की लोक हसतात, मला हसू येत नाही, मला त्या विमानाच्या मागच्या पत्र्याचं बिल आणि रात्रपाळी दिसते.

आणि मोठी विमानं तर हवेत असताना समतोल हलवत राहतात. कॉन्कॉर्ड आवाजाचा वेग ओलांडायचं तेव्हा पंखांची उचल जवळजवळ दोन मीटर मागे सरकायची, आणि शेपटीला वेगळं आडवं पातं नव्हतंच, मग पंपाने कित्येक टन इंधन पुढच्या टाक्यांतून मागच्या टाकीत ढकलायचे आणि उतरायच्या आधी परत पुढे आणायचे. आजच्या काही लांब पल्ल्याच्या विमानांमध्येही शेपटीत टाकी असते, वर गेल्यावर थोडं इंधन तिथे पाठवतात म्हणजे सीजी जरा मागे येतो, शेपटीला दाबायचं काम कमी आणि इंधनाची बचत. म्हणजे जो धोका म्हणून शिकवतात त्याच्याच जवळ हिशोबाने सरकायचं. हे मला फार मोठ्या माणसांसारखं वाटतं, उगाच.

पण मला जे सांगायचंय ते वेगळंच आहे. आम्ही हँगरमध्ये पंखे बंद करून, घामाघूम होऊन, दोन किलोच्या फरकासाठी १३ टन तीनदा उचलतो, ते रिकामं विमान. उडतं ते भरलेलं विमान.

भरलेलं विमान कुणी तोलत नाही.

हे मी कुणालाही सांगितलं की समोरचा थांबतो. म्हणजे काय, काट्यावर नाही घेत? नाही घेत. आमचा रिकाम्या विमानाचा आकडा घेतात, त्यात कर्मचारी, जेवण, पाणी मिळवतात, इंधन मोजून भरलेलं असतं ते मिळवतात, कार्गो काट्यावर चढलेला असतो, बॅगाही बहुतेक ठिकाणी काउंटरवर चढतात. माणसं तेवढी राहतात. त्यांचं वजन धरतात. युरोपच्या तक्त्यात मोठ्या विमानासाठी पुरुष ८८ किलो, बाई ७०, मूल ३५, हातातल्या सामानासकट. म्हणजे मी ७०, माझ्या पुढच्या रांगेतली पैलवान बाई ७०, आणि तिच्या शेजारची नुकतीच बारा वर्षं पूर्ण झालेली पोरगीही ७०. मग कोण कुठल्या भागात बसलंय त्याप्रमाणे हे धरलेले किलो पुढे, मधे, मागे वाटायचे, त्याचा सीजी काढायचा, तो लोडशीटवर, म्हणजे त्या उड्डाणाच्या वजनाच्या कागदावर छापायचा, आणि त्या आकड्यावरून पायलट शेपटीचा ट्रिम, म्हणजे मागच्या आडव्या पात्याचा कोन लावतो. "मॅडम, तुम्ही आज मागच्या रांगेत बसाल का" असं विचारल्यावर ज्यांच्या कपाळाला आठी पडते त्यांना मला नेहमी सांगावंसं वाटतं की तुम्हाला कुणी कमी लेखत नाहीये, तुम्हाला ७० किलो लेखतंय.

आता हे चालतं कसं? बऱ्यापैकी चांगलं चालतं, हे प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. पावणेदोनशे माणसांत बारीक आणि जाड एकमेकांचा हिशोब भागवतात. माणसं जितकी जास्त तितकी चूक टक्केवारीत लहान. १९ माणसांच्या विमानात तसं होत नाही, तिथे चार दांडगे मागे बसले की झालं. आणि एक चूक अशी आहे की जी कितीही माणसं घेतली तरी भागत नाही, ती म्हणजे धरलेला आकडाच जुना असणं. २००३ च्या ८ जानेवारीला अमेरिकेत शार्लटहून एक बीचक्राफ्ट १९०० उडालं, १९ प्रवासी आणि दोन पायलट. कागदावर वजन मर्यादेत, सीजी मर्यादेत. उठल्या उठल्या नाक वर जायला लागलं आणि खालीच येईना, अर्ध्या-पाऊण मिनिटात विमान शेजारच्या हँगरवर पडलं. एकही वाचला नाही. चौकशीत निघालं की नुकत्याच झालेल्या दुरुस्तीत शेपटीच्या पात्याची केबल चुकीची जुळवली होती, त्यामुळे नाक खाली करायला पातं पुरेसं फिरतच नव्हतं. पण त्या दुरुस्तीनंतर ते विमान अनेकदा उडून सुखरूप आलं होतं. त्या दिवशी भर पडली ती वजनाची. खरा हिशोब मांडल्यावर विमान जड होतं आणि सीजी मागच्या मर्यादेच्याही मागे. नंतर तिकडच्या सरकारने प्रवाशांची खरी वजनं घ्यायला लावली तेव्हा सरासरी माणूस तक्त्यातल्या माणसापेक्षा वीसेक पौंडांनी जड निघाला. माणसं हळूहळू जाड होत गेली आणि तक्ता होता तिथेच राहिला.

मी दुरुस्तीवाल्यांपैकी आहे, त्यामुळे हे प्रकरण वाचताना माझं लक्ष आधी केबलवरच जातं. पण ते तेवढ्यावर थांबत नाही. केबल ज्याने जुळवली तो निदान एक माणूस होता, त्याचा हात कुठे चुकला हे दाखवता येतं. तक्त्यातले वीस पौंड कुणी घातले? कुणीच नाही. ते आमच्या ४१ किलोंसारखेच कुठून तरी आले.

दुसरा किस्सा निदान सुखरूप आहे. २०२० च्या जुलैत ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅमहून मायोर्काला एक बोइंग ७३७ गेलं. बुकिंगच्या सॉफ्टवेअरने नावापुढे 'मिस' दिसलं की लहान मुलगी समजायचं असं ठरवलं होतं, त्यामुळे ३८ मोठ्या बायका प्रत्येकी ३५ किलोच्या झाल्या. लोडशीटवर सव्वा टनाच्या आसपास वजन गायब. विमान उडालं, उतरलं, कुणाला काही जाणवलं नाही. यात दिलासा आहे, की सगळीकडे थोडी ढील ठेवलेली असते म्हणून सव्वा टन पचून जातो. आणि भीतीही तीच आहे, की सव्वा टन पचून जातो आणि कळत नाही.

मग माणसांनाच तोला ना, असं कुणीतरी म्हणतंच. तोलतात, अधूनमधून. २०२३ मध्ये एअर न्यूझीलंडने ऑकलंडला आंतरराष्ट्रीय प्रवाशांना काट्यावर उभं केलं, दहा हजारांच्या वर माणसं, पुढच्या वर्षी फिनएअरने हेलसिंकीला केलं. हे तोलणं सरासरी काढण्यापुरतं, उभं राहणं ऐच्छिक. न्यूझीलंडवाल्यांनी काट्याला दिसणारा आकडाच ठेवला नव्हता, म्हणजे समोरच्या कर्मचाऱ्यालाही कळू नये. तरी चर्चा झालीच. मी स्वतः विमानाला कपडे उतरवून काट्यावर चढवणारी बाई आहे, माझी यात तक्रार नसायला हवी, आणि तरी रांगेत, हातात बॅग धरून, अनोळखी लोकांसमोर काट्यावर पाय ठेवायचा म्हटलं तर माझंही पोट आत जातं. छोट्या विमानात मात्र हे सरळ विचारतात, वजन किती, आणि सगळ्यांसमोर सांगावं लागतं, कारण तिथे सरासरी नावाची सोयच नाही. तिथे कुणी चार किलो कमी सांगितले तर पायलट वरपासून खालपर्यंत एकदा बघतो आणि मुकाट्याने जास्त लिहितो.

आमचं विमान त्याच आठवड्यात परत कामाला लागलं. नवा आकडा, नवा सीजी, जुन्यापेक्षा काही मिलिमीटर मागे. ते 'मागे' बघून काकांचे डोळे चमकले. वजन वाढलंय आणि ते मागच्या बाजूला वाढलंय, म्हणजे रंगाचा थर वगैरे नाही, तो सगळीकडे सारखा चढतो. पुढच्या मोठ्या तपासणीला मागच्या भागातल्या सीट आणि फळ्या निघाल्या तेव्हा आम्ही दोघं टॉर्च घेऊन आत गेलो. विमानाच्या पत्र्याच्या आत थंडी अडवायला गाद्यांसारखी अस्तरं असतात. वर गेल्यावर पत्रा गारठतो, आतली माणसं श्वास सोडत असतात, ती वाफ पत्र्यावर जाऊन थिजते, खाली आलं की वितळते आणि अस्तरात मुरते. एक अस्तर काढून हातात घेतलं तर ते ओल्या घोंगडीसारखं लोंबायला लागलं, दाबलं तर कडेने पाणी आलं, कुबट, जरासं कॉफीच्या वासाचं. मागच्या पँट्रीच्या खाली तर चिकट काळा थर, बोट फिरवलं की उठणारा, सांडलेल्या सरबतांचा आणि धुळीचा. काकांनी एक ओलं अस्तर आणि एक कोरं नवं अस्तर साध्या काट्यावर शेजारी-शेजारी ठेवलं आणि फरक लिहून घेतला. सगळं धरून सतराएक किलोंचा हिशोब लागला. बाकी चोवीसेक किलो आजही कुठे आहेत ते माहीत नाही, सीलंटमध्ये असतील, छोट्या छोट्या ठिगळांत असतील. पण सतरा किलो प्रवाशांचेच होते हे नक्की. तक्त्यात न धरलेले, सरासरीत न बसणारे, उतरताना मागे ठेवून गेलेले श्वास.

काही मोठ्या विमानांच्या चाकांच्या दांड्यांतच सेन्सर असतात, ते भरलेल्या विमानाचं वजन सांगतात. पण तेही पडताळ्यापुरतं, कागदाच्या आकड्याशी फार फरक आला तर थांबून बघायचं एवढंच. दांडे घर्षणाने अडकतात, वारा पंख उचलतो, जमीन सपाट नसते, थोडक्यात आम्ही ज्या ज्या गोष्टी हँगरबाहेर ठेवतो त्या सगळ्या तिथे हजर. त्यामुळे भरलेल्या विमानाचं वजन खऱ्या अर्थाने पहिल्यांदा कुणाला कळतं तर पायलटच्या हाताला, ठरलेल्या वेगाला नाक उचलायला तो दांडा ओढतो त्या क्षणी. ओळखीच्या एका पायलटला मी विचारलं की असं होतं का, कागद एक सांगतो आणि हात दुसरं? तो म्हणाला होतं की, नाक कधी जरा उशिरा उठतं, कधी आपणहून वर येतं, मग आम्ही एकमेकांकडे बघतो, "आज मागे मंडळी दणकट दिसतात" असं काहीतरी बोलतो आणि पुढच्या कामाला लागतो. फारच वेगळं वाटलं तर रिपोर्ट करायचा, पण एवढ्या-तेवढ्याला नाही. मी म्हटलं, लिहून नाही ठेवत कुठे? तो म्हणाला, "कशात लिहू? त्याला रकानाच नाहीये." मी त्याला आमचा फॉर्म दाखवला, त्यात हँगरचं तापमान आहे, सेलचे नंबर आहेत, ओळंबा कुणी धरला त्याच्या सहीलाही जागा आहे. त्याने तो उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, याची एक कोरी प्रत मिळेल का.